तिफण्या आणि शेटजींची फरशी

एकदा एका शिष्यावर एका कुत्र्याला उभं करण्याची जबाबदारी येऊन पडली. शिष्याचं नाव दामोदर. वय पंचविशीचं, पाठांतर पक्कं, आणि मन इतकं कोवळं की ताटातली भाकरी आधी अंगणातल्या कुत्र्याला जायची, उरली तर याच्या पोटात. डोंगराच्या पायथ्याशी एका आश्रमात तो आपल्या वृद्ध गुरुजींपाशी अध्ययन करीत असे. त्या कुत्र्याला मागचा एकच पाय होता. दुसरा पिल्लू असतानाच उसाच्या ट्रॉलीखाली गेलेला. पेरणीच्या तिफणीला तीन दाते असतात, म्हणून गावाने त्याचं नाव ठेवलं तिफण्या. नावं ठेवण्यात गावाचा हात कोण धरणार! पण हा पठ्ठ्या तीन पायांवर असा सुसाट धावे, की चार पायांच्या कुत्र्यांनी खाली मान घालावी.

दैव मात्र हात धुऊन पाठीस लागलं. बांधावरून उडी मारताना मागचा तो एकुलता एक पायही गुडघ्यात निकामी झाला. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली. टाके निघाल्यावर त्यांनी दामोदरला बजावलं, "गुडघा ठीक झालाय. पण आता रोज थोडं वजन त्या पायावर पडलं पाहिजे. पोटाखालून पंचा घालून आधार दे, उभा मात्र त्याचा तोच राहिला पाहिजे. पंधरा दिवसांत चालला नाही, तर पाय वाळेल. मग हा जन्मभर खुरडत राहील."

दिवस श्रावणाचे. बाहेर चिखल, म्हणून तिफण्याचा मुक्काम आश्रमाच्या सभामंडपात. तिथे नुकतीच नवी फरशी बसली होती. शहरातल्या एका व्यापाऱ्याने, शेटजींनी, मोठ्या श्रद्धेने ती दिली होती. अशी चकचकीत, की वाकून पाहिलं तर तोंड दिसावं.

दामोदरने काय सेवा केली म्हणता! पोटच्या पोराची कोणी करणार नाही अशी. पायाला हलक्या हाताने तेल लावलं, दुधात भाकरी कुस्करून भरवली, माशी बसू दिली नाही. पण पंचा घालून उभं करावं, की तिफण्या अंग टाकून द्यायचा आणि हनुवटी फरशीला टेकवून स्वस्थ पडायचा. पहिल्या दिवशी त्याने प्रयत्न केला होता. तिन्ही पाय तीन दिशांना पांगले, तो आपटला, केकाटला. तेव्हापासून त्याने उभं राहण्याचं नावच काढलं नाही.

असे बारा दिवस गेले. बाराव्या दिवशी दामोदरचा संयम सुटला.

"अरे भित्र्या, रानभर उंडारलास तेव्हा नाही वाटली भीती? देवानं पाय दिला, डॉक्टरांनी तो नीट केला, आता धीर तरी तुझा तू आण की!" बोलता बोलता त्याचेच डोळे भरून आले.

खांबाशी बसलेल्या गुरुजींनी हे ऐकलं. ते उठले. ऐंशीच्या घरातला हा मनुष्य. त्यांनी धोतर वर खोचलं, दोन्ही तळहात फरशीला टेकले, एक गुडघा टेकला, दुसरा पाय उचलून धरला आणि चक्क कुत्र्यासारखे चालू लागले. तिसऱ्या पावलाला तळहात सटकले आणि गुरुजी कोपरावर आदळले.

"अहो गुरुजी, हे काय भलतंच!" दामोदर धावला. यांना म्हातारचळ लागला की काय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोला?

गुरुजी कोपर चोळत हसत होते. "दामू, गावात जा. मिळतील तेवढी रिकामी गोणपाटं आण. आणि दाभण-सुतळी. सगळी फरशी झाकायची."

"पण उद्या शेटजी येणार आहेत. फरशी बघायला!"

"मग तर आजच आण."

दुसऱ्या दिवशी शेटजी आले आणि दारातच थबकले. आरशासारख्या फरशीवर कांद्याच्या वासाची गोणपाटं! त्यांचा चेहरा पडला. दामोदरला तर धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं.

"गुरुजी, फरशीत काही खोट निघाली का?"

गुरुजींनी तिफण्याकडे बोट दाखवलं. तिफण्या गोणपाट हुंगत होता. त्याने पुढची नखं तरटात रोवली. मागचा पाय थरथरला, दामोदरने पंचा सावरला, आणि तिफण्या उभा राहिला! एक पाऊल. दुसरं. सात पावलं चालून तो शेटजींच्या पायांशी जाऊन बसला आणि शेपटी आपटू लागला. काय देखणी होती ती सात पावलं!

मग गुरुजी म्हणाले, "फरशी उत्तम आहे, शेटजी, आणि तुमची श्रद्धाही. पण बारा दिवस आम्ही याचा पाय तपासला, याचा धीर तपासला. जिच्यावर त्याने उभं राहायचं ती जमीन तपासायचं कोणालाच सुचलं नाही, कारण तिच्यावरून आम्ही घसरत नव्हतो. मी आपटलो, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. दामू, हा भित्रा नव्हता रे. मागचा एकच पाय उरला होता, तो त्याने तुझ्या उपदेशापायी मोडून घेतला नाही. पकड मिळेपर्यंत जपून ठेवला. याला मी शहाणपण म्हणतो."

दामोदर खाली बसला आणि तिफण्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "चुकलो रे बाबा."

शेटजींनी वहाणा बाजूला काढल्या आणि अनवाणी पाय गोणपाटावर ठेवला.

"गुरुजी, नवं घर बांधलं. घरभर हीच फरशी घातली. आई एकदा घसरून पडली, तेव्हापासून वर्षभर तिनं पलंग सोडलेला नाही. आम्ही रोज तिला सांगतो, आई, मनाचा हिय्या कर." त्यांनी वाकून तिफण्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "रोज सांगतो हो."

मग शेटजींनी दामोदरला विचारलं, "ही गोणपाटं उरली आहेत का हो अजून?"

दामोदरने पाच-सहा गोणपाटं झटकून, नीट घडी घालून त्यांच्या गाडीत ठेवली.

कोणाला धीराचा उपदेश करायला तोंड उघडण्याआधी, आपणही एकदा त्याच्या फरशीवर गुडघे टेकून पाहावेत.