शेपूट झडलेला भृंगराज

रानात अजून पायवाटा पडल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. एका काळ्याभोर भृंगराज पक्ष्याच्या शेपटीची दोन्ही लांब पिसं झडली. किडे टिपायला तो सातभाईंच्या झाडावर आला, तर थोरला सातभाई ओरडला, "कावळा आला! अंडी सांभाळा!"

"काका, मी भृंगराज. डोक्यावरचा तुरा बघा."

"तुरा बुलबुलालाही असतो. चालता हो!"

त्याच्या मनाला लागलं. पण तो हटला नाही, शेजारच्या ऐनाच्या झाडावर ठाण मांडून बसला.

दुपारी शिक्रा घरट्यावर झेपावला. सातभाई भेदरून पांगले. भृंगराज एकटाच शिक्र्यावर तुटून पडला आणि चोची मारमारून त्याला ओढ्यापलीकडे पिटाळून आला.

परतलेल्या थोरल्याला मान वर करवेना. फांदीवर जरा सरकून तो म्हणाला, "बैस, भृंगराजा."