हौशी म्हैस स्थावर की जंगम?

भर रस्त्यात बसल्या बसल्या सारजा गवळणीची म्हैस सरकारजमा झाली!

त्याचं असं झालं. टेंभुर्लीच्या राजेसाहेबांना कायद्यातल्या जुन्या शब्दांचं भलतंच वेड. शब्द दिसला की त्याचं मूळ उकरलंच म्हणून समजा. त्या दिवशी त्यांची पालखी देवळाकडे निघाली, तर वाटेत हौशी म्हैस ऐसपैस पसरलेली. भोई ओरडले, शिपायांनी शेपूट पिरगाळलं, पण बाईसाहेब आपल्या रवंथ करतायत.

राजेसाहेबांचा पारा चढला. "'गम्' म्हणजे जाणं. जे जातं ते जंगम. 'स्था' म्हणजे थांबणं. जे थांबतं ते स्थावर. ही काही जात नाही, म्हणजे ही स्थावर मालमत्ता. आणि गावातलं स्थावर सगळं सरकारचं! कारभारी, जप्त करा."

सारजा धावत आली. हौशीच्या दुधावर तिचं घर चालायचं. तिनं रडून पाहिलं, पाया पडून पाहिलं, पण राजेसाहेब अर्थाला घट्ट चिकटलेले. शेवटी म्हणाले, ही जंगम आहे असं सिद्ध कर आणि घेऊन जा, मात्र हिला हात लावायचा नाही आणि हाकही मारायची नाही.

सारजानं हौशीकडे पाहिलं. मेलीनं डोळेच मिटून घेतले! मग सारजा पदर खोचून म्हणाली, "हरले, महाराज. म्हैस तुमची. न्या वाड्यावर."

आता आली का पंचाईत? दोर आले, शिपाई घामाघूम झाले. अखेर कारभारी स्वतः हिरव्या चाऱ्याचा भारा नाचवत "चला हौशीबाई, चला ना" करायला लागले. वास आला तशी हौशी उठली आणि त्यांच्या मागे डुलत निघाली.

"महाराज," सारजा म्हणाली, "जे जातं ते काय?"

"जंगम," राजेसाहेब बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. "थांबवा रे तिला!"

"थांबवा की. बसली तर तुमची. पण स्थावर काही जागचं हलवता येत नाही, तेव्हा इथंच चारा घाला, इथंच शेण काढा. आणि न्यायला उठवलीत, की ती माझी!"

राजेसाहेब असे हसले, की पालखी डुगडुगली आणि भोयांचे पाय लटपटले. त्यांनी गावाबाहेरचं कुरण सारजाच्या नावे इनाम करून टाकलं.

"हे खरंखुरं स्थावर बरं का," ते डोळे पुसत म्हणाले. "आता तुझं हे जंगम तिकडे नेऊन बसव, म्हणजे मला देवळात जाता येईल!"