रेषेबाहेरचा पाय

कबड्डीच्या अंतिम सामन्यातल्या शेवटच्या चढाईत कंत्राटदार अण्णासाहेब घोरपड्यांच्या खेळाडूचा पाय रेषेबाहेर पडला. पंच शेलार मास्तरांनी तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, पण शिट्टी काही वाजवली नाही. अण्णासाहेबांचा संघ एका गुणाने जिंकला.

बक्षीस देताना अण्णासाहेब माईकवरून हरलेल्या कप्तानाला म्हणाले, "बाळकू, चार जिल्ह्यांतून पैसे मोजून पोरं आणलीत मी! पुढच्या वर्षी दोन तुला देतो. चषकाला हात तरी लागेल तुझा."

"पोरं आमची गावातलीच बरी, अण्णासाहेब," बाळकू म्हणाला. "तुमच्या नावाची जर्सी तेवढी द्या. मास्तरांना दिलीत ना, तसली."

मैदानात एकच हशा पिकला. मास्तरांनी मान खाली घालून, हाताची घडी घालून छातीवरचं नाव झाकलं. पाठीवर तेच नाव दुप्पट मोठ्या अक्षरांत होतं.