झुपकी आणि रुसलेला वारा

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा काऊ नव्हता, माऊ नव्हती. मोठ्ठे मोठ्ठे डायनोसॉर होते, तेही मेले. उरली नुसती राख. आणि बिळात उरली झुपकी. इवलासा केसाळ प्राणी, उंदराहून लहान, पण भारी हिमतीचा.

झुपकीला एक पिल्लू. घरात एकच फळ. पिल्लानं ते खाल्लं. फळ संपलं, बी उरलं. पिल्लू म्हणालं, "आई, अजून भूक."

झुपकीनं बी राखेत पुरलं.
"बी बी, रुज ना.
पिल्लू जेवेना."
बी म्हणालं, "मी नाही रुजणार. ही राख घसरते. नेच्याची मुळं तिला धरतील. आधी नेचा उगवू दे."

झुपकी गेली, तुरुतुरु, तुरुतुरु. हिरव्या पिसासारखी पानं असतात ना, तो नेचा. राखेखाली झोपला होता.
"नेचूदादा, उगव ना.
बी रुजेना, पिल्लू जेवेना."
नेचा म्हणाला, "मी नाही उगवणार. आधी सूर्य दिसू दे."

झुपकी टेकडीवर गेली, तुरुतुरु, तुरुतुरु.
"सूर्यबाबा, दिस ना.
नेचा उगवेना, बी रुजेना, पिल्लू जेवेना."
सूर्य म्हणाला, "मी नाही दिसणार. आधी आभाळातली धूळ हलू दे."

झुपकी आणखी वर चढली, तुरुतुरु, तुरुतुरु.
"धूळबाई, हल ना.
सूर्य दिसेना, नेचा उगवेना, बी रुजेना, पिल्लू जेवेना."
धूळ म्हणाली, "मी नाही हलणार. आधी वारा सुटू दे."

वारा गुहेत बसला होता, गाल फुगवून. झुपकी गेली, तुरुतुरु, तुरुतुरु.
"वारोबा, सुट ना.
धूळ हलेना, सूर्य दिसेना, नेचा उगवेना, बी रुजेना, पिल्लू जेवेना."
वारा म्हणाला, "मी नाही सुटणार. डायनोसॉर पळायचे धबाधब. मी त्यांच्यामागे धावायचो. आता कोणामागे धावू?"

झुपकी घाबरली. मोठ्यांच्या पायाखाली येऊ नये, म्हणून ती सदा बिळात लपायची. कोणी मागे लागलेलं असताना उघड्यावर कधी पळालीच नव्हती. पण पिल्लू उपाशी होतं.
"माझ्यामागे धाव," झुपकी म्हणाली.

आणि सुटली की! तुरुतुरु, तुरुतुरु. दगडावरून, ओंडक्याखालून. वारा मागे, सूं सूं सूं. धाव धाव धावला, झुपकी काही सापडेना. वाऱ्याला हसू फुटलं. शाब्बास गं झुपकी!

वारा सुटला.
धूळ हलली.
सूर्य दिसला.
नेचा उगवला.
बी रुजलं.
फूल आलं, फळं आली. लाल लाल, खूप खूप.
पिल्लू जेवलं, मटामटा.

जेवल्यावर ते बिळात गेलं नाही. लख्ख उन्हात पाय पसरून झोपलं. झुपकी पण शेजारी झोपली. आता कोणाला घाबरायचं?