भागरथेची निळी टेकडी

समोर ती टेकडी दिसते ना पाहुणे, तिच्याकडे उन्हातून नीट पाहा. उगवतीची बाजू निळसर चमकते आणि मावळतीची पांढरट, खणून खाल्लेली. एकाच टेकडीचे असे दोन रंग का, हे आमच्या मूसटोल्यात ज्याला त्याला ठाऊक आहे. मी सांगतो ते माझ्या आजोबांकडून ऐकलेले.

फार पूर्वी, गढीवर किल्लेदार नांदत होता तेव्हा, इथे भागरथा नावाची कुंभारीण राहायची. तिचा नवरा मंगरू पितळ ओतणाऱ्या डोमाच्या भट्टीवर कामाला होता. पितळ वितळवायचे ते मातीच्या मुशीत. त्या काळच्या मुशी तापून तडकत. एके दिवशी मंगरूने सांडशीने मूस उचलली आणि ती हवेतच फुटली. पितळ त्याच्या अंगावर सांडले. तो वाचला नाही.

भागरथेने तेराव्याला सर्वांसमोर पण केला, "न फुटणारी मूस होईस्तोवर माह्या हातून दुसरं भांडं घडणार नाई."

तिने या टेकडीचा एकेक दगड आगीत घालून पाहिला. पात्यासारखा चपटा निळा दगड तिला सापडला, पण तोही दगा द्यायचा. कच्चाच कुटून मातीत घातला की भट्टीत फुगायचा आणि मुशीला फोडायचा. लोक म्हणाले, बाईचे डोके फिरले. मग तिने तो दगड आधीच लाल होईस्तोवर भाजला, जितका फुगायचा तितका फुगू दिला, आणि त्यानंतर कुटून पांढऱ्या मातीत मिसळला. ती मूस पितळ पोटात घेऊन शांत बसली. थंड झाल्यावर टिचकी मारली तर खणखणली. भागरथा त्या मुशीला कवटाळून रडली, असे सांगतात.

तिला सख्खा भाऊ नव्हता. डोमा तिला ताई म्हणायचा, दर भाऊबीजेला तिच्या पाटावर बसायचा. त्याने कृती विचारली. तिने एकच अट घातली, "टेकडी साऱ्यांची राहू दे. कोणाचा मंगरू मरू नये."

"तुजी आन, ताई," डोमा म्हणाला. तिने त्याला सारे शिकवले.

पुढल्याच हाटाच्या दिवशी डोमा गढीवर गेला. न फुटणारी मूस माझ्या डोक्यातून निघाली, असे त्याने किल्लेदाराला सांगितले आणि टेकडी आपल्या नावे करून घेतली. मावळतीच्या बाजूने त्याने खणायला घेतले आणि टेकडीभोवती पहारा बसला. भागरथा टोपली घेऊन गेली तर पहारेकऱ्यांनी अडवली. डोमा तिथेच उभा होता. तिने हाक मारली. त्याने तिच्याकडे पाहिले आणि पहारेकऱ्यांना म्हणाला, "कोण बाई हाय ही? मी नाई ओळखत."

ती टोपली तिथेच टाकून परतली.

पुढे किल्लेदाराने देवीसाठी मोठी घंटा ओतायला सांगितली, तीही घाईने. दगड भाजायला वेळ आणि लाकूड फार लागते. डोमाने कच्चाच दगड कुटवला. टेकडीवर भाजणीचा धूर दिसेना, तेव्हा भागरथेला घरबसल्या उमगले. गप्प राहिली असती तर तिला कोण बोल लावणार होते? पण भाता ओढणारे लोक मंगरूचे सोबती होते. ती अनवाणी धावत भट्टीवर गेली.

"मूस कच्ची हाय रे! हटा तिथून!"

"हाकला तिले!" डोमा ओरडला. पण भातेकऱ्यांनी भाते टाकले आणि ते बाजूला झाले. डोमा एकटाच सांडशी घेऊन पुढे गेला. मूस फुटली. पितळाने त्याचे दोन्ही पाय घेतले.

भागरथेनेच चुन्याची निवळी आणि जवसाचे तेल लावून त्याला जगवले. शुद्धीवर येताच तो "ताई" म्हणाला. ती म्हणाली, "मी तुजी ताई नाई. मंगरूची बायको हाव."

डोमाचे खोटे उघडे पडले, तसा किल्लेदाराने पहारा उठवला. म्हणे डोमाने खणलेल्या बाजूचा निळा रंग त्याच वर्षी उडाला.

मग भाऊबीज आली. डोमाने स्वतःला खाटेवर घालून तिच्या दारात आणवले. गाव गोळा झाले. भागरथा ओवाळणीचे ताट घेऊन बाहेर आली. डोमाने मान पुढे केली. ती त्याच्या खाटेला वळसा घालून निघाली, टेकडी चढली आणि निळ्या दगडाला कुंकू लावून ओवाळले. लोकांनी विचारले तेव्हा एवढेच म्हणाली, "कच्चा असला तर हा फुटून सांगते तरी."

डोमा ताटाच्या वाटेकडे पाहत दिवस मावळेपर्यंत तिथेच पडून होता. त्याला आत ये असे कोणी म्हटले नाही.

इतर गावांत बिनभावाच्या पोरी चंद्राला ओवाळतात. मूसटोल्यात आजही त्या दिवा घेऊन टेकडी चढतात. आणि ज्यांना भाऊ आहेत, त्याही आधी दगडाला ओवाळतात. भाऊ घरी पाटावर वाट पाहत बसतो.