लागू पडणारी गोळी

सोनगिरीच्या रणधीरराव महाराजांना शिकारीचा भारी शौक, पण रानातून परतायचे ते रिकाम्या हातांनीच. दोष मात्र नेहमी काडतुसाचा. म्हणून त्यांनी थर्टी बोरच्या तीन रायफली आणि त्यांची काडतुसं मागवली. गोळीची जाडी तिन्हींत सारखीच; दारू एकात बेताची, दुसऱ्यात जास्त आणि तिसऱ्यात ठासून.

पहिल्याच मोहिमेनंतर महाराज उजवा खांदा सुजवून दरबारात बसले. लेप लावायला आलेल्या धुंडिराज वैद्यांना म्हणाले, "गोळ्यांचे जाणकार म्हणवता ना? मग चितळ आणि सांबर, दोघांनाही लागू पडेल अशी एकच गोळी निवडा. चुकलात, तर राजवैद्यपद गेलं समजा!"

दरबार हसला. वैद्यबुवांना मात्र खरंच कुतूहल वाटलं. त्यांनी एकेक काडतूस तळहातावर घेऊन निरखलं.

"सरकार, या हलक्यानं काय झालं?"

"चितळ पळालं."

"मधल्यानं?"

"सांबर पळालं."

"आणि या जबर काडतुसानं?"

"दोन्ही पळाली! वर असा दणका बसला, की आता चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात."

वैद्यबुवांनी हलकं काडतूस पुढे ठेवलं. "मग हेच घ्यावं."

"एवढ्याशानं सांबर पडेल?"

"गोळी औषधाची असो की बंदुकीची, पोटात गेल्याशिवाय लागू पडत नाही, सरकार. हिनं निदान डोळे तरी उघडे राहतील. त्या जबर गोळीनं आजवर गुण दाखवला, तो फक्त आपल्या खांद्यावर."

महाराजांनी हलकं काडतूस उचललं. डाव्या हातानं.