तळाची डाळ

डबे बोलायचे त्या काळातली ही गोष्ट. गोदूबाई दर आठवडी बाजारातून घासाघीस करून तूरडाळ स्वस्तात आणायची आणि घरी येताच डब्यातल्या जुन्या डाळीवर ओतायची. आमटीसाठी घ्यायची तीही वरवरची. तळाची डाळ कधी वर आलीच नाही.

एक दिवस डब्यातून किडे निघाले. गोदूबाईने डब्याला फाडकन चापट मारली. "मेल्या, एवढी स्वस्तात आणलेली डाळ नासवलीस!"

डबा खणखणला, "मी नासवली? जुनी डाळ आधी काढून घ्यावी, नवी तळाशी घालावी, एवढं तरी कधी केलंस? छटाकभर डाळीसाठी वाण्याशी भांडतेस आणि घरी येऊन शेरभर माझ्या पोटात पुरतेस! वर मलाच मारतेस?"

गोदूबाई फणकारली, "फार बोलतोस! थांब, उद्याच तुझ्यापेक्षा मोठा डबा आणते."

"आण ना!" डबा ओरडला. "चांगला रांजणाएवढा आण. म्हणजे तळापर्यंत हात कधी पोचायलाच नको!"

गोदूबाईने पुन्हा हात उगारला. क्षणभर तो तसाच राहिला. मग तोच हात तिने कोपरापर्यंत डब्यात घातला.